गावाकडं दार

लेक जर्मनीत नोकरीला आहे. परवा तिनं जंगलात तंबू ठोकतानाचा व्हिडिओ पाठवला. "आई, इथं लोक सुट्टीत हौसेनं असं राहतात," ती म्हणाली. मला एकदम उसाच्या पाचटाचा वास आला.

मी आठ वर्षांची होते. शिरूर कासारहून आम्ही ऊसतोडीला गेलो होतो. वडिलांना मी दादा म्हणायचे. ते राहायला पाचटाची कोपी बांधत होते आणि मी घरी जायचं म्हणून रडत होते.

"रडू नको. दार आपल्या गावाकडं केलंय बग," दादा म्हणाले. मी डोळे पुसले.

बाकी कोप्यांची दारं वाऱ्याला पाठ करून होती. आमच्या कोपीत हंगामभर गार वारा शिरायचा, म्हणून दादा दारातच आडवे झोपायचे. त्यांना मोकळी हवा आवडते, असं मला तेव्हा वाटायचं. मी त्यांच्या पाठीआड उबेत गाढ झोपायचे.