देवमाशाच्या नाकात पाणी

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशीही नाही. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही आमच्या घरातले नाही म्हणून — दुसरं काय.

वडूजजवळच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. देवमासा हा मासा नाहीच, हे माझं वर्गातलं लाडकं वाक्य. त्याला कल्ले नसतात, आपल्यासारखी फुप्फुसं असतात, मादी पिल्लाला दूध पाजते. आणि डोक्यावरचं ते भोक म्हणजे त्याचं नाक. चित्रात कारंजं दिसतं ना, तो त्याने सोडलेला श्वास असतो. हे मी किती वर्षं सांगत आले, आणि समुद्र मात्र तोवर पाहिलेला नव्हता.

माझे मोठे दीर फौजेतून सुभेदार होऊन आले. दिलदार माणूस, पण घरात शेवटचा शब्द त्यांचा. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनीच गाडी ठरवली आणि सगळ्यांना कोकणात नेलं. पहिल्या रात्री जेवताना ते मुलांना म्हणाले, डॉल्फिन हा एक मासाच. मी म्हटलं, नाही भाऊजी, मासा नाही तो. तर म्हणाले, "मास्तरीणबाई, आमी अंदमानात हुतो. तुमी आपली येरळा नदी तरी कवा भरल्याली बघितलीय का?" सगळे हसले. नवरा सगळ्यांत जास्त. मीही हसले — काय करणार? आतून मात्र जळत होते.

सकाळी किनाऱ्यावर गर्दी दिसली. ओहोटीने देवमाशाचं पिल्लू वाळूत अडकलं होतं. पिल्लू म्हणायचं, पण आमच्या उसाच्या ट्रॉलीहून लांब. जिवंत होतं. डोळा उघडा होता, आणि डोक्यावरचं भोक उघडून फस्सकन हवा बाहेर यायची, पुन्हा मिटायचं. मी पुस्तकात शिकवलेलं माझ्यासमोर श्वास घेत होतं. वनखात्याला फोन गेला होता, माणसं निघाली होती.

भाऊजींना थांबणं कुठलं माहीत? ते पुढे झाले. "आरं, पंपानं हवा धरली की काय करतो आपण? वरनं पाणी घालतो न्हवं? ह्येच्या डोक्यातनं कारंजं उडतंय, आतलं पाणी संपलंय बिचाऱ्याचं. वता त्या भोकात!"

आणि लोक ओतायला लागले. आमची माणसं दुष्काळी भागातली — तडफडणारा जीव दिसला की पहिलं पाणी आठवतं. गाडीतले पिण्याच्या पाण्याचे कॅनसुद्धा रिकामे केले. भाऊजींच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. एक भरलेली बादली माझ्याही हातून पुढे गेली.

मला बोलायचं तरी काय होतं? भाऊजी, ते नाक आहे. एवढंच. भीती वाटली म्हणून गप्प बसले असं सांगितलं, तर तुम्ही मला समजून घ्याल. पण भीती नव्हती हो. माझ्या मनात आलं — ओतू दे. पडू दे तोंडघशी, सगळ्यांच्या देखत. मग मी बोलेन. मला त्यांना चुकलेलं बघायचं होतं. आणि मी बघत उभी राहिले.

भोक उशिरा उशिरा उघडायला लागलं. आतून पाणी बुडबुडत यायचं. मग ते उघडेना. आईवेगळं पिल्लू, तसंही जगलं नसतं — हे मी स्वतःला हजारदा सांगून पाहिलं. पण आम्ही पोचलो तेव्हा ते श्वास घेत होतं.

वनखात्याची माणसं आली, त्यांनी अंग ओलं ठेवल्याबद्दल सगळ्यांचे आभार मानले. नाकाचं कुणी विचारलंच नाही. परतताना भाऊजी माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "तुला ह्यातलं कळतं. आपलं काय चुकलं का गं?"

मी म्हटलं, "नाही भाऊजी. तुम्ही लय केलंत."

तिथे माझं दार बंद झालं. आता खरं सांगायचं, तर तेव्हाही ठाऊक होतं हे सांगावं लागतं. भाऊजींचा मोबाइलवरचा व्हिडिओ गावोगाव फिरला. पिल्लू गेलं, तरी त्याच्यासाठी धडपडलेला फौजी म्हणून त्यांचे सत्कार झाले. ते भाषणं देतात, आणि प्रत्येक भाषणात सांगतात — देवमासा अडकलेला दिसला तर डोक्यावरच्या भोकात पाणी घाला. मी शेजारच्या खुर्चीत बसून मान हलवते. त्यांच्या मनात कसलीही खोट नाही, खोट सगळी माझी आहे.

यंदा मुख्याध्यापकांनी त्यांना आमच्या शाळेत बोलावलं. शाळेची सहल कोकणात जाणार होती. बोलणं संपलं आणि माझ्याच वर्गातली एक मुलगी उठली. "बाई, पर तुमी तर सांगितलंवतं, ते त्याचं नाक हाय म्हणून?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. भाऊजीही. अगदी निर्मळ तोंडाने, उत्तराची वाट बघत.

मी म्हटलं, "खाली बस. मोठ्यांना उलट बोलू नये."

ती बसली. पुढच्या चाचणीत मी देवमाशाचा प्रश्न घातला होता — कशासाठी, देव जाणे. तिने लिहिलं, देवमासा डोक्यावरच्या भोकातून पाणी आत घेतो. अक्षर नेहमीसारखं सुरेख होतं.

मी बरोबरची खूण केली आणि पूर्ण गुण दिले.