ऑल्डनचं मरण

हॅडविक या जुन्या अमेरिकन गावातल्या एकूण एक ऐतिहासिक वास्तूचे नळ वेंडेल प्रुइटच्या हातचे. क्रांतियुद्धाच्या काळातली खानावळ असो, सभागृह असो, की दारात गोळीचं भोक असलेलं फ्रॉदिंगहॅम घर. कुठेही गळालं की हाक वेंडेललाच. पण दर एप्रिलमध्ये गाव त्या युद्धातली आपली लढाई मैदानावर पुन्हा उभी करतं, तेव्हा त्याच्या वाट्याला यायचा शत्रूचा, म्हणजे इंग्रजांचा लाल कोट. गावाकडून उभं राहायचा मान जुन्या घराण्यांचा. वेंडेलचा आजोबा मेन राज्यातून बटाटे विकायला आलेला.

कोटाचं त्याला काही नव्हतं. पोटात दुखायचं ते पुढच्या प्रसंगाने. त्याने गोळी झाडायची, ऑल्डन फ्रॉदिंगहॅमने पूर्वजाच्या वेषात मैदानासमोरच्या आपल्याच उंबऱ्यावर मरायचं आणि त्याच्या बायकोने त्याचं डोकं मांडीवर घेऊन हंबरडा फोडायचा. ही बायको व्हायची लॉर्ना. वेंडेलची खरीखुरी बायको!

"माझ्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा टिपूस नव्हतं तुझ्या डोळ्यात," कोट चढवताना तो म्हणाला.

"तेव्हा तू मेला नव्हतास."

"ऑल्डन तरी कुठे मरतो?"

त्या सकाळी वेंडेलने बंदुकीत दारूच भरली नाही. ढोल वाजले, त्याने नेम धरला, चाप ओढला. नुसतंच खट्ट. बार झाल्याशिवाय कुणी मरायचं नाही, हा नियम. ऑल्डन ताटकळत उभा.

"अरे, मार की बाबा एकदाचा! गुडघा दुखतोय माझा."

"दारू ओली आहे."

लोक हसू लागले. लॉर्ना दारातून निघाली ती ऑल्डनला ओलांडून थेट वेंडेलपाशी.

"भरलीच नाहीस ना?"

त्याने बंदूक पाठीमागे नेली.

"अरे वेड्या, ऑपरेशनच्या दिवशी रडायला लागले असते तर थांबले नसते मी. इथलं रडणं निदान गावच्या पॅनकेकच्या नाश्त्याआधी संपतं."

"आणि त्याचं डोकं? मांडीवर?"

"जड असतं रे. वर तेल चोपडून येतो मेला. भर आता."

ती दारात परतली. वेंडेलने मुकाट्याने दारू भरली. बार झाला, ऑल्डन सुटल्यासारखा कोसळला आणि लॉर्नाने गळा काढला. लाल कोटांची रांग ठरल्याप्रमाणे पुढे निघाली. वेंडेल हलला नाही.

"लॉर्ना," तो दबक्या आवाजात म्हणाला, "मेलाय तो. आता ठेव ते डोकं खाली."