एकबोट्यांचा कोड

एकबोटे हे त्यांचं आडनाव नव्हे. कीबोर्डवर ते उजव्या हाताचं एकच बोट चालवायचे, म्हणून आम्ही ठेवलेलं नाव. ते त्यांनी इतक्या मुकाट्याने स्वीकारलं, की नवीन आलेली माणसं त्यांना आदराने 'एकबोटे साहेब' म्हणायची आणि हे वळून 'ओ' द्यायचे. डिस्पॅचमध्ये क्लार्क होते. सुट्या भागांच्या त्या गोदामातून कुठलाही ट्रक बाहेर पडायचा तर त्याचा गेटपास एकबोट्यांच्या कॉम्प्युटरवरून निघायचा.

मी त्याच कंपनीत कॉम्प्युटर बघायचो. कंपनीने सगळा कारभार एका मोठ्या सॉफ्टवेअरवर नेला, तेव्हा टेबलाटेबलावर जाऊन त्याचा क्लायंट बसवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. खरं सॉफ्टवेअर दूर कुठल्यातरी सर्व्हरवर असतं, क्लायंट म्हणजे आपल्या टेबलावरची त्याची खिडकी. बसवायला फार अक्कल लागत नाही. फाइल चालवायची, सर्व्हरचा पत्ता भरायचा, प्रिंटर जोडायचा आणि मग रडगाणं ऐकत उभं राहायचं. जुनं काय वाईट होतं, हे मला प्रत्येक टेबलावर ऐकावं लागलं. एकबोट्यांनी मात्र चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "सावकाश दाखव बाबा. मी मठ्ठ आहे, पण एकदा शिकलो की विसरत नाही."

डिस्पॅचमधली बाकीची मंडळी हुशार होती. त्यांनी शिकायची तसदीच घेतली नाही. सकाळी एकबोट्यांनी लॉगिन करायचं आणि दिवसभर जो येईल त्याने त्याच लॉगिनवर काम उरकायचं, अशी रीत पडली. लॉगआउटचं बटण त्या खोलीत कधी कुणी दाबलं नाही. एकबोटे जेवायला गेलेले असोत नाहीतर संडासात, प्रत्येक गेटपासखाली 'तयार करणार' म्हणून त्यांचंच नाव छापून यायचं. पुढे सुरक्षेचा नवा नियम आला. सकाळी पासवर्ड टाकला की मोबाइलवर कोड येणार आणि तो भरल्याशिवाय खिडकी उघडणार नाही. मोबाइल अर्थातच एकबोट्यांचा.

त्याच सुमारास त्यांचे पाय सुजायला लागले. दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. डायलिसिस सुरू झालं, मग कामावर येणं थांबलं. पण रीत थांबली नाही. रोज सकाळी डिस्पॅचचे साहेब एकबोट्यांचा पासवर्ड टाकायचे, त्यांना फोन लावायचे आणि कोड विचारायचे. एकबोटे झोपलेले असले तर वहिनी वाचून दाखवायच्या.

मी साहेबांना म्हटलं, शेजारच्या टेबलावर क्लायंट बसवतो, दुसऱ्याच्या नावाने लॉगिन काढू, आजारी माणसाला कशाला छळायचं? साहेब म्हणाले, "चालतंय ना? मग उगाच हात लावू नकोस." रजा लांबली तेव्हा त्यांनाही पटलं. एकबोट्यांना सांगावं म्हणून मी त्यांच्या घरी गेलो.

पलंगावर ते बसून होते. अंग वाळलेलं, चेहरा मात्र सुजलेला. उशीजवळ मोबाइल, चार्जरची वायर गादीखालून ओढून घेतलेली. माझं ऐकून म्हणाले, "माझं लॉगिन बंद करू नकोस रे."

"अहो, तुम्हाला आराम नको का?"

"तो फोर्कलिफ्टवाला आठवतो? लांब रजेवर गेला, त्याच्या जागी दुसरा आला आणि याच्या हातात पत्र पडलं. माझं डायलिसिस कंपनीच्या विम्यावर चाललंय. नोकरी गेली की विमा गेला, आणि विमा गेला की मी. माझ्या कोडशिवाय गेट उघडत नाही तोवर मला काढणं त्यांच्या जिवावर येईल."

वहिनी दारात उभ्या होत्या. "मला तर वाटतं, तो फोन आधी विहिरीत टाकावा. रात्रभर तळमळून यांचा सकाळी जरा डोळा लागतो, की लागलीच हा वाजतो."

एकबोटे हसले. मग त्यांना ठसका लागला आणि वहिनींनी पाठीवरून हात फिरवला. दिवसाला मोजकंच पाणी प्यायची परवानगी होती, म्हणून त्यांनी ग्लास नुसता ओठांना लावला.

मी परत येऊन साहेबांना सांगितलं, नव्या क्लायंटसाठी लायसन्स शिल्लक नाही, वरून यायला वेळ लागेल. चक्क थाप होती. पुन्हा वेळ आली तर पुन्हा मारीन.

मधे एकदा डायलिसिस चालू असताना त्यांचा मोबाइल पिशवीत राहिला. फाटकाशी ट्रक खोळंबले, ड्रायव्हर हॉर्न वाजवत बसले. दुसऱ्या दिवशी एकबोट्यांनी फोनवर माफी मागितली. मरायला टेकलेला माणूस माफी मागत होता आणि आमच्या साहेबांनी मोठ्या मनाने ती देऊनही टाकली. माझी तळपायाची आग मस्तकात गेली, पण तोंड उघडलं असतं तर थापही बाहेर आली असती.

त्यानंतरची एक सकाळ. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढायला मी डिस्पॅचमध्ये गेलो होतो. साहेबांनी पासवर्ड टाकला, फोन स्पीकरवर ठेवला आणि नेहमीसारखं म्हणाले, "वहिनी, कोड."

वहिनींनी एकेक आकडा सावकाश वाचला. मागे बरीच माणसं बोलत होती, कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं. साहेबांनी आकडे भरले. खिडकी उघडली.

"लागला का?" वहिनींनी विचारलं.

"लागला, लागला. ठेवतो."

"ठेवू नका. हे पहाटे गेले."

साहेबांचा हात फोनवर तसाच राहिला. मग म्हणाले, "अहो, मग कोड कशाला देत बसलात?"

"आजचा दिवस त्यांना कामावर धरा. हॉस्पिटलचे शेवटचे कागद अजून विम्याकडे जायचेत. रजेवर होते, कामावरून काढलं, असं काही लिहू नका. बघा, आत्ताच लॉगिन झालंय त्यांचं."

साहेब हो म्हणाले. फोन बंद झाल्यावर कपाळ पुसत मला म्हणाले, "ते लायसन्सचं बघ आता."

"आहे शिल्लक," मी म्हटलं. शेजारच्या टेबलावर क्लायंट बसवला. चहा निवायच्या आत काम झालं. तोवर फाटकाशी ट्रक लागले होते आणि जुन्या प्रिंटरमधून गेटपास निघायला लागले होते, खाली एकबोट्यांचं खरं नाव घेऊन.

"हे नवीन चालतंय ना?" साहेब म्हणाले. "मग त्यांचं लॉगआउट करून टाक."

"संध्याकाळी करतो," मी म्हटलं. "आज ते कामावर आहेत."