पहिल्या तीन ओळी

पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागात बाईंनी एकोणीस वर्षं टंकलेखन केलं. मग टाइपरायटर भंगारात गेले. त्यांच्या मागोमाग बाईही जाणार असं सगळे धरून चालले होते. पण सत्तेचाळिसाव्या वर्षी बाई प्रोग्रामिंग शिकून आल्या. त्यामुळे खात्यात त्यांचा दरारा वाढला असं नाही. फक्त प्रिंटर अडला की लोक त्यांना हाक मारू लागले.

रोज दीडेकशे तक्रारी यायच्या. प्रत्येकीची वेगळी टेक्स्ट फाइल. नवे साहेब आले आणि पहिल्याच दिवशी म्हणाले, "एवढं वाचायला वेळ कुणाला आहे? प्रत्येक फाइलीतल्या पहिल्या तीन ओळी काढून मला यादी द्या."

"साहेब, पहिल्या तीन ओळींत लोक नुसता नमस्कार घालतात."

"मग त्यात वाईट काय?"

बाईंनी प्रोग्राम लिहिला. कॉम्प्युटर ओळी शून्यापासून मोजतो, पहिली ओळ हवी तर शून्य नंबरची मागावी लागते. हे शिकलेलं ऐनवेळी विसरून त्यांनी एकपासून मागितल्या, आणि सगळ्या अर्जांतली 'माननीय साहेब' ही ओळ तेवढी गळाली. साहेब दिवसभर घुश्शात होते. दुसऱ्या दिवशी 'माननीय' परत आलं, तसे साहेबही माणसात आले.

महिनाअखेरीस अहवाल वर गेला : नागरिकांची भाषा आदराची आहे, एकाही तक्रारीत तक्रार आढळली नाही. वरून शाबासकीचं पत्र आलं. साहेबांनी ते फ्रेम करून खुर्चीमागे टांगलं.

इकडे बाईंच्या घरी नळाला चहाच्या रंगाचं पाणी येत होतं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, तू त्याच खात्यात ना? बस इथे. मी सांगते, तू लिही." आणि त्यांनी साहेबांच्या तब्येतीपासून सुरुवात केली.

"आई, पहिल्याच ओळीत पाण्याचं लिहू या ना."

"आल्या आल्या भांडायला उभी राहू? काही वळण आहे की नाही आपल्याला?"

"पण पुढचं कुणी वाचत नाही हो."

"का? डोळे फुटलेत त्यांचे?"

बाईंनी त्या सांगतील तसा अर्ज लिहून घेतला. ते डोळे त्यांनीच तर बसवून दिले होते.

सकाळी ऑफिसात जाताच त्यांनी तो अर्ज इतर तक्रारींत टाकला आणि प्रोग्राममधले ओळींचे नंबर पुसले. ज्या ओळीत 'गढूळ', 'गळती' किंवा 'वास' दिसेल ती उचल, सोबत पत्त्याची ओळ घे, असं त्याला सांगितलं. एकशे बारा तक्रारी निघाल्या. साहेबांचा चेहरा उतरला.

"काल लोक सुखात होते. आज एकदम शहर बिघडलं?"

"शहर तेच आहे साहेब. ओळ बदलली."

"मग पुन्हा बदला! शेवटची ओळ घ्या. निघताना माणूस गोडच बोलतो."

बाईंनी मुकाट्याने शेवटची ओळ काढून दिली. 'आपला नम्र', 'कळावे, लोभ असावा'. साहेबांनी पहिलं पान चाळलं, खूश झाले आणि यादी घेऊन थेट वरिष्ठांच्या बैठकीला गेले. पडद्यावर आकडे दाखवायला बाईंनाही नेलं.

पहिलं पान साहेबांनी छान लयीत वाचलं. त्याच लयीत ते दुसऱ्या पानावर घसरले. तिथे सासूबाई होत्या. सही सांगून झाल्यावर त्यांना ताजा कलम आठवला होता.

"ता.क. हे पाणी साहेबांना बरं वाटत असेल, तर त्यांनी आमच्या घरी येऊन एक पेला पिऊन दाखवावा."

जीभ आवरेपर्यंत वाक्य संपलं होतं. बाईंनी पडद्याकडे तोंड फिरवलं. मुख्य अधिकारी हसू दाबत म्हणाले, "मग कधी जाताय?"

साहेबांना जावंच लागलं. सासूबाईंनी पेला पुढे केला. "घ्या."

"आत्ताच पिऊन निघालोय, आजी."

"मग बसा की. तहान लागेपर्यंत गप्पा मारू."

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्ली खणली गेली.

त्यानंतर दोन हुकूम निघाले. एक, यापुढे अर्जात ता.क. चालणार नाही. दोन, नेमकी कोणती ओळ वाचावी हे ठरवायला समिती नेमावी. समिती तीन महिने बसली आणि तिने दुसरी ओळ निवडली. तेवढा बदल बाईंनी चहा निवायच्या आत करून दिला.

मधला, शब्द शोधणारा प्रोग्राम मात्र त्यांनी पुसला नाही. रोज सकाळी त्याचा कागद काढायच्या आणि जिन्यात फिटरच्या हातात ठेवायच्या. पहिल्या दिवशी फिटर दचकला होता. "बाई, अहवाल नको हो मला. नुसती गल्ली सांगा."

"गल्लीच आहे. वाच."

वर्षअखेरीस तक्रारी निम्म्यावर आल्या. खात्याच्या सभेत साहेबांनी त्याचं सारं श्रेय दुसऱ्या ओळीला दिलं. मागच्या रांगेतून बाईंनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या खुर्चीत फिटर गाढ झोपला होता. सकाळपासून त्याने चार गळत्या काढल्या होत्या.