मशीनमधलं पाणी आणि चिन्नोरचं पोतं

सडक अर्जुनीला हायवेच्या कडेला आम्ही तिघं नागपूरच्या बसची वाट बघत उभे होतो. एकाच मोटारसायकलवर आलो होतो. टाकीवर तांदळाचं लहान पोतं आडवं, बाबांच्या मागे मी, माझ्या मागे आई आणि आईच्या मांडीवर माझी बॅग. बाबांनी पोतं उतरवून रस्त्याच्या कडेला उभं केलं आणि त्याच्यावर हात ठेवून ते थांबले, जणू प्रवासाला पोतंच निघालं होतं. रायपूरकडून ट्रक येत होते, धुरळा उडवून जात होते.  बस दिसली तेव्हा आईनं पिशवीतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून माझ्या हातात दिला. मला वाटलं, लाडू. डब्यात चुलीतली चाळलेली राख होती.

"तिकडं गॅसच गॅस. राख कोठून भेटन तुले?" आई म्हणाली. "अना खरकटे भांडे ठेवून झोपू नोको. लोकायच्या घरी राहाले जाऊन राहिला."

हे लिहावं की नाही, असं बरेच दिवस वाटत होतं. घर सोडून शिकायला गेलेली माणसं मोठ्या गोष्टी लिहितात. माझ्याकडे सांगण्यासारखं जे आहे ते भांडी धुण्याच्या यंत्राबद्दल आहे. पण गावातल्या मित्रांनो, आणि माझ्यासारखे बाहेर पडलेल्यांनो, पुण्यात माझा पाय टिकला तो या यंत्रामुळे, आणि निघणार होता तोही याच यंत्रामुळे. त्यामुळे तेच लिहितो.

आमच्या घराण्यात कॉलेजला गेलेला मी पहिला. पुण्यात प्रवेश मिळाला, पण वसतिगृहाच्या यादीत नाव लागलं नाही, आणि बाहेर खोली घेऊन राहणं आम्हाला झेपणारं नव्हतं. कॉलेजातल्या एका सरांनी त्यांच्या ओळखीच्या काकांकडे पाठवलं. काका सत्तरी ओलांडलेले, एकटे. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. पडल्यामुळे काकांचा उजवा हात अधू झालेला, त्या हातानं ताट उचलत नाही. त्यांची मुलगी परदेशात असते, तिला मी ताई म्हणतो. तिनंच वडिलांसाठी डिशवॉशर घेऊन दिला होता. ठरलं असं, की मी मागच्या खोलीत राहायचं आणि बदल्यात भाजी आणायची, भात लावायचा, मशीन सांभाळायचं. काका म्हणाले, "महिनाभर बघू. जमलं तर राहा." न जमलं तर काय, हे मला विचारायची गरज नव्हती. न जमलं तर परत सडक अर्जुनी.

भांडी घासण्याची मला लाज नव्हती. आम्हाला बहीण नाही आणि मी मोठा. रोवणीच्या दिवसांत आई सकाळीच दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, रोवायला जायची आणि मागची भांडी माझ्याकडे असायची. अंगणात बसून नारळाच्या शेंडीनं, राखेनं घासायचो. संध्याकाळी आई येऊन गंज, म्हणजे पातेलं, उन्हाकडे धरून बघायची आणि म्हणायची, "बूड पाह्यलं का गंजाचं?" भाताचा गंज काळा राहिला तर तिला चालत नसे. उष्टं भांडं घरात झाकून ठेवणं तर आमच्याकडे कुणाच्या मनातही येत नाही.

आणि इथं काका सांगत होते, की उष्टी भांडी एका पेटीत भरा, दार लावा, पेटी भरेपर्यंत दोन जेवणं थांबा. माझ्या हातून ते होईना. म्हणून पहिले काही दिवस मी प्रत्येक भांडं सिंकमध्ये राखेनं आणि साबणानं स्वच्छ घासायचो आणि मग मशीनमध्ये लावायचो. एकदा घाईत साबण नीट निघाला नसावा. मशीन सुरू केलं आणि थोड्या वेळात दाराच्या खालून पांढरा फेस बाहेर यायला लागला. फेस आला, वाढला, फरशीवरून सरकत काकांच्या खुर्चीपर्यंत गेला.

काकांनी पाय वर घेतले. "अरे, हे काय? दूध उतू गेलं की काय?"

मी बटण बंद केलं. फेस बसेपर्यंत दार उघडं ठेवलं, पोतेरं मारलं, भांडी काढून साध्या पाण्यानं विसळली, आणि मशीन नुसतंच पाण्यावर दोनदा फिरवलं तेव्हा कुठे फेस थांबला. त्यात भांड्यांचा साधा साबण थेंबभरही जाता कामा नये, त्याची वेगळी गोळी असते, हे तेव्हा कळलं. काकांनी पाय खाली सोडले आणि विचारलं,

"धुतलेली भांडी मशीनला परत धुवायला का देतोस?"

मी आईचं सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं. "आईला सांग, खरकटं काढूनच ठेवतो. पण धुऊ नकोस रे. तू सगळंच केलंस तर त्या बिचाऱ्यानं काय करायचं?"

पुढे एकेक गोष्ट कळत गेली. काचेच्या ग्लासांवर पांढरट थर बसायला लागला. मला वाटलं, माझी राखच. पण राख तर मी बंद केली होती. तो पाण्यातला क्षार होता. सोसायटीत बोअरचं पाणी मिसळतात, आणि मशीनच्या तळाशी मिठाची एक टाकी असते ती रिकामी झाली होती. दारावर दिवा लागलेला होता, मी तो शोभेचा समजत होतो. स्वयंपाकघरातलं मीठ ओतायला निघालो होतो, पण पुस्तिका आधी वाचली, म्हणून वाचलो. बारीक मीठ आत गच्च होऊन बसतं. त्याचं जाड मीठ वेगळं मिळतं.

मग एक दिवस आतून टक टक आवाज आला आणि भांडी तशीच चिकट निघाली. आत पाणी फेकणारा एक लांब पंखा फिरतो. मी भाताचा गंज असा लावला होता, की त्याची कड पंख्याला अडत होती. तेव्हापासून सवय लावून घेतली. भांडी लावली की दार बंद करण्याआधी पंखा बोटानं एकदा फिरवून बघायचा. फिरला तर ठीक. रोज घडणाऱ्या निम्म्या तक्रारी एवढ्यानंच मिटतात, हे मी आता जरा धीटपणे सांगू शकतो.

महिना संपत आला होता. माझ्या खोलीत तांदळाच्या पोत्याला मुंग्या लागल्या, म्हणून मी पोतं उचलून स्वयंपाकघरात सिंकच्या खालच्या कपाटात ठेवलं. जागा अंधारी, थंड, आमच्या कोठीसारखी. मला ती जागा फार पसंत पडली. त्यात चिन्नोर होता, आमच्याच बांधीतला वासाचा तांदूळ. शिजला की वास जिन्यापर्यंत जायचा आणि काका ताटाआधीच टेबलाशी येऊन बसायचे.

दुसऱ्याच दिवशी मशीन मधेच थांबलं आणि पिप पिप करायला लागलं. उघडलं तर तळाशी गढूळ पाणी, वर तेलाचा तवंग, आणि वास. नेमका त्याच वेळी ताईचा फोन आला. काकांना एका हातानं फोन धरणं जड जातं म्हणून ते स्पीकर लावतात. मी ओट्याजवळ उभा होतो. काकांनी तिला मशीनचं सांगितलं, आणि ती काय म्हणाली ते सगळं मला ऐकू आलं.

"बाबा, आधी फेस, आता हे. मदतीला मुलगा ठेवला की कामं वाढवायला? मी उद्या मेकॅनिकला सांगते. आणि महिना भरला की त्याला दुसरीकडे बघायला सांगा. तुम्हाला सांगवत नसेल तर मी सांगते."

 काका फोन ठेवून खुर्चीत बसले. ती ताई वाईट नाही. तिच्या जागी मी असतो तर मलाही तसंच वाटलं असतं. पण तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर हायवेची ती कड आली आणि पोत्यावर हात ठेवून उभे असलेले बाबा.

"काका, मेकॅनिक यायच्या आधी मी एकदा पाहू का?"

"बघ," काका म्हणाले. "बिघडून अजून किती बिघडणार आहे?"

प्लग काढला. खालचा रॅक बाहेर काढला. वाटीनं आणि फडक्यानं पाणी उपसलं. तळाशी जाळीचा फिल्टर असतो, तो फिरवून उचलता येतो. त्यात भाताची शितं, लिंबाची बी, कोथिंबिरीची काडी आणि खाली राखेचा करडा चिखल. माझ्या पहिल्या दिवसांचा सगळा हिशेब तिथं बसला होता. जुन्या दातांच्या ब्रशनं फिल्टर नळाखाली घासला, पुन्हा बसवला, प्लग लावून मशीन सुरू केलं. मनात म्हटलं, झालं.

झालं नव्हतं. मशीननं नवं पाणी घेतलं, आणि तेही तसंच उभं.

मी फरशीवर बसून राहिलो. आणि मला बाबा आठवले, पण हायवेवरचे नव्हे. आमच्याकडे इटियाडोह धरणाच्या कालव्याचं पाणी पाळीनं येतं. पाळी आपली आणि पाणी बांधीत नाही, असं झालं की लोक गेटपाशी जाऊन भांडतात. बाबा भांडत नाहीत. फावडं खांद्यावर टाकतात आणि पाटाच्या कडेनं चालत सुटतात. लहानपणी मी एकदा चिडून विचारलं होतं, सगळे तिकडे गेले, आपण इकडे कायले? बाबा म्हणाले होते, "पान्याले काऊन थांबला म्हणून इचारता येते का? त्याच्या मांगं मांगं जा. जेथी अडलं असन तेथी दिसते."

मी उठलो, प्लग पुन्हा काढला. पाणी फिल्टरमधून पुढे कुठे जातं? मशीनच्या मागून एक करडा पाइप निघतो. मशीन थोडं पुढे ओढलं. पाइप ओट्याच्या आतून, भोकातून, सिंकच्या खाली. कपाट उघडलं, मोबाईलचा टॉर्च लावला. पाइप कपाटात शिरत होता, थोडा पुढे येत होता, आणि माझ्या पोत्याखाली नाहीसा होत होता.

पोतं त्याच्यावर बसलं होतं. चपटा झाला होता पार.

मी पोतं दोन्ही हातांनी उचलून बाहेर घेतलं. पाइप बोटांनी दाबून गोल केला, वळण सरळ केलं, प्लग लावला. मशीननं एक घोट घेतल्यासारखा आवाज केला आणि पाणी गेलं. सगळं गेलं. सिंकच्या मोरीत खळखळ ऐकू आली. बांधीत पाण्याची पहिली धार शिरते तेव्हा असाच आवाज येतो. मी हसत होतो आणि पोतं अजून कुशीतच होतं.

काका दारात उभे होते. "काय होतं रे?"

"चिन्नोर," मी म्हटलं.

काकांनी लगेच ताईला फोन लावला आणि माझ्यापुढे धरला. मी सांगितलं. "ताई, मशीन बिघडलं नव्हतं. माझं तांदळाचं पोतं पाइपवर होतं. फिल्टरही तुंबला होता. आता चालू आहे. मेकॅनिक लागणार नाही."

ताई म्हणाली, "पोतं? कसलं पोतं?"

"मी महिनाभर जो भात खातोय तो," काका मधेच म्हणाले. "म्हणजे निम्मी चूक माझी. मलाही जायला सांगायचंय का?"

ताई हसली. पहिल्यांदाच. "ते पोतं आता कुठे ठेवणार आहात, ते सांगा आधी."

काकांनी स्वयंपाकघरभर नजर फिरवली. खिडकीजवळ काकूंचं पाटासारखं एक बुटकं लाकडी स्टूल होतं, त्याच्यावर कुणी बसत नसे. काका म्हणाले, "त्याच्यावर. कोरडी जागा आहे, दिसतंही. आणि महिनाबिहिना आता पुरे. मुलगा राहतोय."

आता दुसरं वर्ष आहे. आमच्या इमारतीत कुणाचं मशीन अडलं की मला बोलावतात. मी जाऊन आधी प्लग काढतो, मग पंखा फिरवतो, मग फिल्टर, मग मिठाचा दिवा, आणि शेवटी पाइपच्या मागे मागे. त्यातूनही नाही जमलं तर मेकॅनिकला बोलवा म्हणून सांगतो. आतल्या तारांना मी हात लावत नाही. भीती वाटते, आणि ती ठेवावी असं मला वाटतं. राखेचा डबा अजून आहे. जळलेला गंज मशीनमध्ये जात नाही, तो मी आईच्याच पद्धतीनं घासतो. बाकीची खरकटी भांडी पेटीत बंद करून मी निवांत झोपतो. हे आईला अजून पूर्ण पटलेलं नाही.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा अंगणात बसून आईबरोबर भांडी घासली. ती म्हणाली, "तिकडं मशीनच घासून राहिली, मंग तू कायले गेला तेथी?" आणि स्वतःच हसत सुटली. बाबा बाजेवर बसले होते. ते मशीनबद्दल काही विचारत नाहीत, पण त्या दिवशी म्हणाले, "त्या पान्याचं काय होते मंग? कोठी जाते?"

मी सांगितलं. नळातून मिठाच्या टाकीत, तिथून पंख्यात, भांड्यांवरून फिल्टरमध्ये, पाइपमधून सिंकच्या खाली, भिंतीतून इमारतीच्या मागे, आणि मागे जिथे चेंबर आहे तिथे. मी कुठेही अडखळलो नाही.

बाबांनी मान हलवली. "मंग त घर समजलं तुले."

मी परत निघालो तेव्हा तेच तिघं, तीच मोटारसायकल, टाकीवर नवं पोतं. या वेळी बाबा पोत्यावर हात ठेवून उभे राहिले नाहीत. पोतं मी धरलं होतं, कारण ते कुठे ठेवायचं हे मला माहीत होतं.