खुशालरावांच्या पसंतीची सँडल

अडतीस वर्षांच्या संसारात खुशालराव गावंड्यांनी बायकोसाठी स्वतःच्या पसंतीनं कधी काही आणलं नव्हतं. साड्या गोदाबाई बहिणीबरोबर जाऊन घ्यायच्या, बांगड्या दारावर भरायच्या, आणि चप्पल तुटली की कोपऱ्यावरच्या दुकानातून तशीच दुसरी, तपकिरी, घेऊन यायच्या. खुशालरावांना माया नव्हती असं मुळीच नाही. ते अमरावतीच्या एसटी वर्कशॉपात मेकॅनिक होते. सकाळी डबा घेऊन निघायचं, संध्याकाळी ग्रीसचे हात घासून घासून धुवायचे, आणि जेवण झालं की "वांगं जमलं होतं आज" एवढं म्हणायचं. त्यात सगळं आलं, असं त्यांना वाटायचं.

रिटायर झाल्यावर डॉक्टरांनी शुगरसाठी चालायला सांगितलं, म्हणून दोघं रोज संध्याकाळी वडाळी तलावाकडे फिरायला जाऊ लागली. सुरुवातीला गोदाबाई सवयीनं चार पावलं मागून चालायच्या. खुशालराव थांबले की त्याही थांबायच्या. मागचं अंतर कमी व्हायला वर्ष-दीड वर्ष गेलं. मग मात्र त्या बरोबरीनं चालू लागल्या आणि बोलूही लागल्या. लग्नानंतरचं पहिलं वर्षभर आपण रोज चार वाजता रडायचो, हे त्यांनी अशाच एका संध्याकाळी सांगितलं. त्या वेळेला वरूडला त्यांच्या बापाच्या संत्र्याच्या बगिच्यातून बाया हसत-खिदळत घरी परतायच्या. सासरी चार वाजले की तो आवाज कानात यायचा. खुशालरावांना यातलं काहीच माहीत नव्हतं. चार वाजता ते पाना घेऊन कुठल्यातरी बसखाली आडवे पडलेले असायचे.

चैत्र लागला तसे खुशालराव कूलरचं गवत आणायला जवाहर गेटकडे गेले. गवताच्या दुकानाशेजारी चपलांचं दुकान होतं. बाहेर दोरीला सँडली टांगलेल्या होत्या, सगळ्या सपाट आणि पातळ, बारीक पट्ट्यांच्या. त्यातली पिस्त्याच्या रंगाची, पट्ट्यावर तीन पांढरे मणी असलेली एक त्यांच्या नजरेत भरली.

"आजकाल सगळ्या बाया हेच घेऊन राह्यल्या, काका," दुकानातली पोरगी म्हणाली. "उन्हाळ्यात पाय मोकळा राह्यते. अन् वजन पाहा, काईच नाई."

खुशालरावांनी ती तळहातावर घेतली. खरंच वजन नव्हतं. नंबर त्यांना ठाऊक नव्हता. त्यांनी वीत आणि वर दोन बोटं धरून दाखवली. घरी येऊन खोकं पुढे केलं तेव्हा गोदाबाईंनी आधी ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"मायासाठी? अन् तुमी आणली?"

सँडल पायात चपखल बसली. त्या दिवशी गोदाबाई ती घालून घरातच दोन चकरा मारून आल्या. शेजारच्या दुर्गाबाईंना तर त्यांनी मुद्दाम अंगणात बोलावून दाखवली. "यायनं आणली. सोताच्या पसंतीनं." पुढे महिनाभर जुनी तपकिरी चप्पल दाराआड पडून राहिली. पापड वाळवायला गच्चीवर, भाजी आणायला, तलावावर फिरायला, सगळीकडे पिस्ता रंगाची सँडल.

वैशाखात गोदाबाई पुन्हा मागे पडू लागल्या. आधी दोन पावलं, मग चार. नंतर एक दिवस पापडाचं पीठ मळायचं निघालं, दुसऱ्या दिवशी डोकं दुखलं, तिसऱ्या दिवशी "तुमीच जाऊन या" झालं. खुशालराव एकटे जाऊन आले, पण मन लागेना. ही रागावली, असं त्यांनी धरलं. आठवून आठवून त्यांना एक कारणही सापडलं. नांदगाव पेठला पुतण्याच्या लग्नात पाहुण्यांदेखत आपण स्वतःच्या बहिणीच्या हातच्या, आमरसाबरोबर वाढलेल्या सरगुंड्यांची फार तारीफ केली होती.

दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी खालमानेनं सांगून टाकलं, "सरगुंडे तुयेच चांगले असतात."

गोदाबाई त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. "ऊन लागलं काय तुमाले?" म्हणाल्या आणि हसल्या. हसल्या म्हणजे राग नव्हता. मग झालं काय होतं?

ते कळलं एका सकाळी. नळ आला म्हणून खुशालराव लवकर उठले होते. बादली लावून ते मागे वळले, तर गोदाबाई पलंगावरून उठत होत्या. त्यांनी एक हात भिंतीला टेकवला, पाय खाली ठेवला आणि ओठ आत दाबले. पुढची पाच-सहा पावलं त्या चवड्यावरच टाकत गेल्या. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचल्यावर टाच हळूच टेकली. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं.

खुशालराव बाहेर गेले आणि दारातली सँडल उचलून उजेडात धरली. वर्कशॉपात त्यांची निम्मी नोकरी टायर पाहण्यात गेली होती. टायर कोणत्या अंगानं घासलं ते पाहून गाडीत काय खोट आहे ते त्यांना सांगता यायचं. दीड महिन्यात सँडलीचा तळ टाचेपाशी आतल्या अंगानं दबून कागद झाला होता. अंगठ्यानं दाबलं तर खालचं बोट जाणवलं. दोन्ही टोकं धरून वाकवली, तर ती पोळीसारखी मधोमध दुमडली.

"टाच दुखते ना तुयी?" त्यांनी आत येऊन विचारलं.

"नाई."

"खरं सांग."

"जराशी. सकाळी उठल्यावर. मंग मोकळी होते."

"कवापासून?"

"झाला असंन मयना."

"मयनाभर? अन् सांगतलं काहून नाई?"

गोदाबाई कणकेत पाणी घालत होत्या. "अवो, तुमी पयल्यांदा काई आणलं मायासाठी. अन् मी काय मनू? ते टोचते मनू?"

खुशालराव तडक अंगणात गेले, सँडल कचऱ्याच्या टोपलीत टाकली आणि पायरीवर बसून राहिले. थोड्या वेळानं मागे पावलं वाजली. कणकेच्या हातांनी गोदाबाईंनी सँडल टोपलीतून काढली, पदरानं पुसली आणि पुन्हा दारात ठेवली. "तिचा काई दोष नाई," एवढंच म्हणाल्या.

त्यांची मुलगी प्रणाली अकोल्याला असते. तिच्या गल्लीत शाहीन नावाच्या फिजिओथेरपिस्ट मुलीचा दवाखाना आहे. मूर्तिजापूरवरून जाणाऱ्या सकाळच्या गाडीनं दोघं अकोल्याला पोचली. खुशालरावांनी पिशवीतून सँडलही घेतली होती, पुरावा म्हणून.

शाहीननं टाचेच्या आतल्या बाजूला एका जागी अंगठा दाबला आणि गोदाबाई कळवळल्या.

"तळव्याखाली एक पट्टा असते, काकू, टाचेपासून बोटापर्यंत. तो सुजला. म्हणून सकाळचं पयलं पाऊल जड जाते."

"या सँडलीनंच झालं ना?" खुशालरावांनी ती टेबलावर ठेवली.

"सँडलीनं कुठी?" गोदाबाई लगेच म्हणाल्या. "आमच्या कॉलनीतल्या साऱ्या बायाईनं घेतल्या. त्याईले नाई दुखत."

शाहीन हसली. "तुमी दोघंही थोडे थोडे बरोबर हाय. एकट्या सँडलीनं नाही झालं. वय हाय, वजन हाय, टाइलवर दिवसभर उभं राहणं हाय. पण टाच आधीच थकली असली, अन् अशी पातळ, सपाट सँडल दिवसभर घालून चाललं, तर दुखणं लवकर येते आणि जाता जात नाही. तासभर कुठे जाऊन यायला काही हरकत नाही. लग्नात घाला, हळदीकुंकवाले घाला. चालायसाठी मात्र टाचेखाली जाड अन् मागून पट्टा असलेली पाहिजे. मधातून दुमडली तर ती घेऊ नका."

"म्हणजे फेकाची नाई," गोदाबाई नवऱ्याकडे पाहत म्हणाल्या.

भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची, बर्फ केलेली पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवायची, हे शाहीननं करून दाखवलं. रोज सकाळी पलंगावरून उतरण्याआधी तळवा अंगठ्यानं चोळायचा होता. पण गोदाबाईंचा गुडघा तेवढा वाकेना. शाहीननं खुशालरावांकडे पाहिलं. "काका, तुमी शिकून घ्या."

गोदाबाईंनी पाय झटकन साडीत ओढून घेतला. "काई तरीच बाई तुयं!"

घरी आल्यावर दुसऱ्या सकाळी खुशालराव पलंगाच्या पायथ्याशी येऊन बसले, तर गोदाबाई अंग चोरून बसल्या. "नवऱ्यानं बायकोच्या पायाले हात लावाचा? मले पापात घालता काय?"

"मी वर्कशॉपच्या खड्ड्यात पडलो होतो तवा तीन मयने माये पाय कोण धुतले?"

"मीच धुतले."

"मंग तवा मले पाप लागलं काय?"

"ते येगळं."

"कसं येगळं?"

गोदाबाईंनी पदर तोंडावर ओढून घेतला आणि पाय सरळ केला. खुशालरावांचे हात राठ, अंगठ्याला जुन्या भेगा. त्यांनी शाहीननं दाखवलेली जागा शोधली आणि हळूहळू, टाचेकडून बोटांकडे, दाब द्यायला सुरुवात केली. हा पाय इतक्या जवळून त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. धाकटं बोट आत वळलेलं होतं. घोट्याजवळ रुपयाएवढा गुळगुळीत डाग होता.

"हे काय?"

"दूध सांडलं होतं उकळतं. प्रणाली तान्ही होती," पदराआडून आवाज आला.

"मी कुठी होतो?"

"ड्यूटीवर."

खुशालरावांनी त्या डागावरून अंगठा हळूच फिरवला आणि ते पुन्हा टाचेकडे वळले.

नव्या चपलेवरून गोदाबाईंनी बरीच कुरकुर केली. काळी, जाड, मागून पट्ट्याची. "मास्तरणीवाणी दिसतो मी," म्हणायच्या, पण घालायच्या. सकाळी त्या स्वयंपाकघराची भिंत ढकलत उभ्या असल्या की दुर्गाबाई खिडकीतून विचारायच्या, "काय वं, भित पडून राह्यली काय?" दुखणं एकदम गेलं नाही. पहिला महिना तर काही फरकच वाटेना. खुशालराव रोज विचारायचे आणि गोदाबाई रोज "आहे तसंच" म्हणायच्या. पोळ्याच्या सुमारास एका सकाळी त्या भिंतीला हात न लावता स्वयंपाकघरापर्यंत गेल्या आणि तिथून ओरडून म्हणाल्या, "अवो, आयकलं काय, आज नाई दुखलं!" दसऱ्यानंतर फिरणं सुरू झालं, आधीच्या निम्मं.

दिवाळीला प्रणाली न सांगता आदल्या दिवशीच आली. दार उघडंच होतं. आत आई पलंगावर टेकून बसली होती, बाबा खाली स्टुलावर, आणि आईचा पाय बाबांच्या मांडीवर. प्रणाली उंबऱ्यातच थबकली. असलं काही या घरात तिनं कधी पाहिलं नव्हतं. आता आई पाय मागे घेईल, असं तिला वाटलं.

गोदाबाईंनी फक्त पदर नीट केला.

"आली काय? चाय ठेव बरं थोडा," त्या म्हणाल्या. "तुया बाबाचे हात अटकले हायेत."