चाळीसच्या वर नाही

मंद्रूपहून सोलापूरला दूध नेणाऱ्या टेम्पोचा तो ड्रायव्हर चिडला की आवाज चढवत नसे, इंजिन बंद करी. मी रोज त्याच्या शेजारी बसून शहरातल्या शाळेत गणित शिकवायला जात असे. ‘फक्त’ हा शब्द ऐकला की त्याचा हात किल्लीकडे जाई. आणि मालक तर रोज म्हणे, “चोवीस किलोमीटर हाय. फक्त अर्धा तास.”

ब्रेक तीनदा दाबल्याशिवाय लागत नव्हता. “चाळीसच्या वर न्हाय नेणार,” ड्रायव्हर मला म्हणे. “मास्तर, तुमच्या गणितात म्हशी आडव्या येत न्हाईत. हितं येतात की!”

एकदा मला राहवलं नाही. वर्गात ‘पेक्षा कमी, पेक्षा जास्त’चीच उदाहरणं चालली होती. तसंच कागदावर मांडलं: वेग चाळीस किंवा त्याहून कमी, तर वेळ छत्तीस मिनिटं किंवा त्याहून जास्त. अर्ध्या तासात पोचायला वेग निदान अठ्ठेचाळीस हवा. दोन्ही अटी पाळणारा वेगच नाही. सकाळी टेम्पो निघताना कागद मालकाला दिला.

मालकानं तो दुधाच्या कॅनवर ठेवून वाचला, कानावरची पेन्सिल काढली आणि चाळीसमधला चार खोडून पाच केला.

“आता बसतंय की, मास्तर.”

माझं डोकं सणकलं. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि किल्ली नेमकी त्या पाचावर ठेवली.

“आता त्याच पेन्सिलीनं ब्रेक बी लावा, मालक.”